आई म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं"

नमस्कार ताई,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. आई (वय ६८) सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे. तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी दुपारी, आम्ही नेहमीच्या देशी ग्रोसरीत गेलो होतो. आई भेंडी निवडत होती. पिशवी भरून बाजूला सरकली आणि पाय सटकला. उजवा हात टेकला, मनगट मोडलं. ऑपरेशन करून प्लेट टाकली आहे. खाली भेंडीची मोडलेली टोकं होती आणि कोथिंबिरीवर फवारा मारतात त्याचं पाणी होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण आई उठता उठता मॅनेजरला हिंदीत म्हणाली, "मेराही ध्यान नहीं था."

मालक ओळखीचे आहेत, मंडळाच्या गणपतीला दरवर्षी नारळ त्यांच्याकडून येतात. दुसऱ्या दिवशी फोन करून चौकशी केली. मी बिलाचा विषय काढला तर म्हणाले, "जागा माझी नाही, प्लाझाच्या मालकाशी बोला." आईचा व्हिजिटर इन्शुरन्स आम्ही स्वस्तातला घेतला, तो बिलाच्या पाव भागालाही पुरत नाही. आता दुकानाच्या विमा कंपनीतून एक बाई रोज फोन करतात. आईचं म्हणणं रेकॉर्ड करायचं आहे, "पाचच मिनिटं." नवरा म्हणतो वकील गाठ. बाबा सांगलीहून म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आई म्हणते, त्या माणसाच्या पोटावर पाय कशाला? तिचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याअखेरचं आहे. मी काय करू?

– एडिसनची एक लेक

प्रिय लेकी,

आधी त्या फोनचं बघू, कारण तो उद्या पुन्हा येणार. दुसऱ्याच्या विमा कंपनीला रेकॉर्ड केलेलं निवेदन द्यायला तुम्ही बांधील नाही. नम्रपणे सांग: "आईचे उपचार चालू आहेत, आत्ता निवेदन देणार नाही. क्लेम नंबर आणि तुमचा पत्ता ईमेलने पाठवा." एवढं बोलून फोन ठेव. आणि फोन तू घे, आईंना देऊ नकोस.

मी वकील नाही. पण सोळा वर्षं विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर बसून, त्या बाई आज करतायत तेच काम मी केलंय, त्यामुळे ती पाच मिनिटं कशी जातात ते मला पाठ आहे. पहिला प्रश्न असतो, "आता कशा आहात?" आपल्याकडे याला एकच उत्तर: "बरी आहे." हात गळ्यात अडकवलेला असला, रात्रभर ठणका लागलेला असला, तरी बरी आहे. टंकलेल्या कागदावर त्याचं होतं, 'दावेदार बरी असल्याचं सांगते.' मग विचारतात, "पडण्याआधी तुम्ही खाली बघत होतात का?" प्रामाणिक माणूस म्हणणार, नाही हो, भाजीकडे बघत होते. तेही कागदावर. बोलणारी बाई वाईट नसते. तिचं काम ते आहे, मीही केलं.

आईंचं "मेराही ध्यान नहीं था" या सगळ्याच्या आधीच बोलून झालंय आणि मॅनेजरने ते रिपोर्टात लिहिलं असेल हे धरूनच चाल. त्याने सगळं संपलं असं मुळीच नाही. ज्याने हाताला धरून उठवलं त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण जे बोलतो, ते हे वाक्य आहे. चहाचा कप दुसऱ्याच्या धक्क्याने सांडला तरी आपली बाई 'असू दे, मीच मध्ये आले' म्हणते. आईंना तेव्हा खाली काय होतं हेही माहीत नव्हतं, ते तू पाहिलंस. अशा वाक्याचं वजन किती धरायचं हे संदर्भावरून ठरतं आणि वकील तो संदर्भ मांडतो. फक्त त्यात आता भर नको. फोनवर नको, गणपतीत नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच.

समजा, थोडं लक्ष खरंच नव्हतं. न्यू जर्सीचा कायदा दोष वाटून मोजतो. ज्युरीला वाटलं की दुकानाचा दोष ८० टक्के आणि आईंचा २०, तर ५०,००० डॉलरच्या भरपाईतून १०,००० वजा होतात, ४०,००० हातात येतात. आईंचा दोष दुकानाच्या दोषापेक्षा जास्त ठरला, म्हणजे निम्म्याच्या वर गेला, तर मात्र काहीच नाही. म्हणून 'माझंच' यातल्या त्या 'च'ला एवढा भाव आहे. आणि भेंडी विकत घेणाऱ्या बाईने भेंडीकडे बघायचं नाही तर कुठे बघायचं? ग्राहकाची नजर मालावर खिळावी म्हणूनच तो ढीग कमरेच्या उंचीला, दिव्याखाली लावलेला असतो.

आता भेंडीकडेच येते. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच आहे, आणि तू ते ओझरतं लिहून गेलीस.

दुकानात कुणी घसरून पडलं तर सर्वसाधारण नियम असा: खाली काहीतरी सांडलंय हे दुकानाला माहीत होतं, किंवा ते इतका वेळ पडून होतं की माहीत असायलाच हवं होतं, हे पडणाऱ्याने दाखवायचं. इथेच बहुतेक दावे गळपटतात. ते पाणी दोन मिनिटांपूर्वीचं की दोन तासांपूर्वीचं, हे तुम्ही कसं सांगणार? पण न्यू जर्सीत या नियमाला एक वेगळी वाट आहे आणि ती वाट एका शेंगेने पाडली. १९६६ सालच्या निकालातली ही गोष्ट: वोलरमन नावाच्या बाई ग्रँड युनियनच्या सुपरमार्केटात भाजीच्या भागात एका हिरव्या शेंगेवरून घसरल्या. आपल्या फरसबीचीच बहीण. ती शेंग कुणी पाडली, कधी पाडली, काही पत्ता नाही. खालच्या कोर्टाने दावा काढून टाकला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो परत उभा केला. म्हणणं साधं होतं: सुटी भाजी उघड्या खोक्यात ठेवून 'घ्या आपापल्या हाताने' असं तुम्हीच म्हटलंत, तर त्यातली काही खाली पडणार हे उघड आहे, मग ती ग्राहकाने पाडलेली असो की नोकराने. अशा वेळी किती वेळ पडून होती याचा पुरावा ग्राहकाकडे मागायचा नाही. आम्ही काय काळजी घेत होतो, हे दुकानाने पुढे येऊन दाखवायचं.

आता तुमच्या दुकानातला शनिवार डोळ्यांपुढे आण. भेंडीचा ढीग, भोवती चार जणी, प्रत्येकीचा अंगठा भेंडीच्या टोकावर. कट्कन मोडलं तर कोवळी, पिशवीत. नुसतं वाकलं तर जून, परत ढिगात. मोडलेलं टोक पायाशी. मी स्वतः तीस वर्षं हेच करते आणि ती टोकं कुठे जातात याचा कधी विचारही केला नव्हता. मालकाला हे माहीत नाही असं म्हणायची सोय नाही, तो रोज बघतो. वर शेजारी कोथिंबिरीवर फवारा आणि खाली गुळगुळीत फरशी. भेंडीचा चिकटा पाण्यात मिसळला की काय होतं, हे ती चिरणाऱ्या कुणालाही विचार, म्हणून तर आपण ती धुऊन, पुसून, कोरडी करून मग चिरतो.

पण ही वाट सगळ्यांना मोकळी नाही, हेही सांगते. २००३ मध्ये काउंटरजवळ सुट्या द्राक्षांवरून घसरलेल्या बाईंना याच नियमाचा लाभ मिळाला, कारण द्राक्षं वरून उघड्या, भोकं असलेल्या पिशव्यांत विकायला ठेवली होती. २०२२ मध्ये सॅम्स क्लब या दुकानसाखळीच्या खटल्यात पुन्हा द्राक्षंच होती, पण बंद, चिकटपट्टी लावलेल्या डब्यांतली. न्यायालय म्हणालं, अशा बांधणीतून द्राक्षं जमिनीवर येतील असं दुकानाने गृहीत धरायचं कारण नाही, इथे तो नियम लागू नाही. फळ तेच, घसरणं तेच, फरक फक्त डब्याचा. म्हणून आजच्या आज जा आणि त्या भेंडीच्या ढिगाचे, फवाऱ्याचे, फरशीचे फोटो काढ. ती गल्ली अख्खी दिसेल असा एक लांबून काढ. तिथे रबरी मॅट आहे का, पिवळी पाटी कुठे उभी असते, तेही घे. पुढच्या आठवड्यात तीच भेंडी प्लास्टिक गुंडाळलेल्या ट्रेमध्ये दिसली तर नवल वाटायला नको.

फोटोंपेक्षाही घाई व्हिडिओची आहे. दुकानातले कॅमेरे जुनं पुसत नवं लिहीत जातात. कुठे आठवड्याने, कुठे महिन्याने. तीन आठवडे आधीच गेलेत. दुकानाच्या नावाने, प्लाझाच्या मालकाच्या नावाने आणि क्लेम नंबर मिळाला की विमा कंपनीच्या नावाने, एकच पत्र सर्टिफाइड मेलने टाक: अमुक तारखेला, अमुक वाजता, भाजीच्या भागात माझी आई पडली. पडण्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं चित्रण, अपघाताचा रिपोर्ट आणि त्या दिवसाची झाडलोटीची नोंद जपून ठेवा. पुढे 'पुसलं गेलं' म्हणाले, तर तुझं पत्र मिळाल्यावर का पुसलं, असं विचारता येतं. 'आधीचं' हा शब्द गाळू नकोस. पडतानाची वीस सेकंदं कुणीही देईल. त्याआधीच्या तासाभरात तिथे केरसुणी फिरली का, हे मला बघायचं असतं.

झाडलोटीची नोंद म्हणजे स्वीप शीट. टेबलावर असताना पहिला कागद मी तोच मागवायचे. तासातासाला कुणी फेरी मारली त्याची सही असते. कधीकधी सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंतच्या सगळ्या सह्या एकाच पेनने, एकाच तिरक्या ओळीत केलेल्या असतात. बारा तास एका माणसाने, एकदाही न टेकता झाडलं? असा कागद पाहिला की आम्ही मुकाट्याने तडजोडीचा आकडा वाढवायचो.

आणि आईंच्या त्या दिवसाच्या चपला. धुतल्या नसतील अशी आशा आहे. तशाच, कागदी पिशवीत घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेव. प्लास्टिकची पिशवी नको, बुरशी येते. पलीकडचा वकील चपलांबद्दल विचारणारच. तळ झिजलेले होते का, टाच केवढी होती. चपला समोर असलेल्या बऱ्या. तू स्वतः काय पाहिलंस तेही आज रात्रीच लिहून काढ, मराठीत चालेल: कुठे उभी होतीस, किती टोकं दिसली, आईंचा परकर ओला झाला होता का, मॅनेजरने फरशी पुसली का, आणि कधी. वर तारीख, खाली सही.

आता "जागा माझी नाही." हे खरं असेल आणि तरी गैरलागू असेल. दुकानाच्या आतली फरशी, तिथला माल, तिथला फवारा हे सगळं दुकान चालवणाऱ्याच्या ताब्यात असतं. तो भाडेकरू आहे म्हणून ग्राहकाबद्दलची त्याची जबाबदारी प्लाझाच्या मालकाकडे जात नाही. आई पार्किंगमध्ये खड्ड्यात पडल्या असत्या तर गोष्ट उलटी झाली असती. अनेक दुकानांच्या प्लाझात पार्किंगची देखभाल भाडेकराराप्रमाणे जागेच्या मालकाकडे असेल, तर तिथल्या पडण्याला आतला भाडेकरू सहसा जबाबदार धरला जात नाही, हे न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलंय. दुकानापुढच्या सार्वजनिक फुटपाथचा तिसराच प्रकार. १९८१ पासून या राज्यात व्यापारी इमारतीच्या मालकाला आपल्या दारासमोरचा फुटपाथ धड ठेवावा लागतो. बर्फाचंही तेच, मात्र बर्फ पडत असतानाच लगेच उपसायला हवा असं नाही, वादळ थांबल्यावर वाजवी वेळ मिळतो, हे २०२१ मध्ये ठरलं. तुमच्या बाबतीत एकच शंका राहते: ते पाणी फवाऱ्याचंच होतं ना? छत गळत असेल, इमारतीचा पाइप झिरपत असेल, तर प्लाझाचा मालकही यात येतो. म्हणून पत्र दोघांना. कुणी किती द्यायचं ते त्यांचे विमेवाले आपसात भांडून ठरवतील. तो त्यांचा संसार.

(वाचणाऱ्या इतरांसाठी: पडणं सरकारी जागेत झालं असेल, म्हणजे गावाची लायब्ररी, न्यू जर्सी ट्रान्झिटचं स्टेशन, सरकारी शाळा, तर ९० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती हुकली की बहुतेकांचा विषय तिथेच संपतो.)

बाबांच्या म्हणीला मी मान देते. सांगलीत दिवाणी दावा लावला तर नातवंडं तारखांना जातात, हे त्यांनी पाहिलेलं असणार. पण इथे दावा म्हणजे आधी विमा कंपनीशी पत्रव्यवहार असतो. बहुतेक प्रकरणं कोर्टात साक्षीला उभं न राहता तडजोडीत मिटतात. मुदत पडल्याच्या दिवसापासून दोन वर्षं. तेवढ्यात तडजोड झाली नाही तर कोर्टात दावा दाखल करावाच लागतो, नाहीतर हक्क जातो. विमावाली गोड बोलत दोन वर्षं काढू शकते, तेव्हा कॅलेंडरवर तारीख आजच लाल करून ठेव.

पोटावर पाय म्हणशील, तर मालक दरमहा हप्ता भरतो तो याच दिवसासाठी. विमा कंपनीतून फोन येतोय याचा अर्थ त्याने स्वतःच त्यांना कळवलंय, आणि त्याने ते बरोबर केलं. न कळवता घरच्या घरी मिटवायला गेला असता तर नंतर विमा कंपनीने उशिराचं कारण सांगून अंग काढून घ्यायला बघितलं असतं. तेव्हा त्याला भेट, नारळवाल्या काकांना भेटतेस तशीच, आणि सांग: "काका, राग नाही. आमचं जे काही आहे ते तुमच्या इन्शुरन्सशी आहे." बहुतेकांना हे ऐकून हायसं वाटतं. मात्र त्याने 'एक्स-रेचे पैसे मी देतो, इथे फक्त सही करा' म्हणत कागद पुढे केला, तर सही नाही. त्या कागदाला रिलीज म्हणतात आणि एका एक्स-रेच्या बदल्यात अख्खं मनगट लिहून दिलं जातं. अनेक दुकानांच्या पॉलिसीत दोष कुणाचा हे न बघता औषधपाण्याची छोटी रक्कम देण्याची सोय असते, पाच किंवा दहा हजार डॉलरपर्यंत. ती आहे का, हे विमा कंपनीला लेखी विचार.

तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे, वकील लागेल. प्लेट टाकलेलं मनगट, अपुरा विमा आणि परतीचं तिकीट, एवढं असताना एकटीने नको. अशी प्रकरणं घेणारे वकील पहिली भेट बहुधा फुकट देतात आणि फी जिंकलेल्या पैशातून घेतात. न्यू जर्सीत या फीवर कोर्टाच्या नियमाची मर्यादा आहे: खर्च वजा जाता पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत एक तृतीयांश. दोघातिघांना भेट. 'किती मिळतील' हा आकडा पहिल्याच भेटीत ठोकून देणाऱ्याकडे जाऊ नकोस. व्हिजिटर पॉलिसीही त्याला दाखव, दिलेले पैसे परत मागण्याचं कलम त्यात आहे का ते तो बघेल.

आईंच्या व्हिसाला याने धक्का लागत नाही. पाहुण्या म्हणून आलेल्या माणसालाही भरपाई मागण्याचा हक्क आहे आणि परत गेल्यावरही दावा चालू राहतो. त्यांची जबानी व्हिडिओवरून घेण्याची व्यवस्था होऊ शकते, दुभाष्यासह. त्यांना मराठीतच बोलू दे. मोडक्या इंग्रजीत किंवा हिंदीत काय होतं ते आपण पाहिलंच. उपचारांसाठी मुक्काम वाढवायचा असेल तर आय-९४ वरची, म्हणजे इथे राहण्याच्या परवानगीची तारीख उलटायच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज करता येतो. पण इथल्या एकेका फिजिओथेरपीचा दर बघता सांगलीला जाऊन व्यायाम करणं बरं, असं मला वाटतं. निघण्यापूर्वी सर्जनकडून ऑपरेशनचा अहवाल, एक्स-रेच्या फाइली आणि पुढे काय अपेक्षित आहे त्याचं पत्र घे.

हॉस्पिटलचं बिल क्रेडिट कार्डावर भरून मोकळी होऊ नकोस. बाबवार बिल माग, आर्थिक सहाय्याचा अर्ज माग, आणि दावा चालू आहे असं बिलिंगला कळव. थांबतात, कमीही करतात.

राहिली ती वही. आईंना एक वही दे आणि रोज दोन ओळी लिहायला सांग. उजवा हात आहे, तेव्हा त्या सांगतील आणि तू लिही. 'दुखतं' एवढ्याने काही कळत नाही. स्वतःची वेणी घालता येते का? निऱ्या घेता येतात का? पोळी लाटता येते का, की भाकरी थापणं तर लांबच? नळ सोडता येतो का? हे त्यांना आपणहून सांगायला लाज वाटेल, त्यामुळे विचारावं लागेल. सांगलीला गेल्यावर पोळ्यांना बाई लावतील, तिला पैसे फोनवरून द्यायला सांग. पावती कुठली बाई देणार, पण यूपीआयची नोंद राहते. आणि मनगटाला पट्टा असताना नायगाऱ्यापुढे हसून काढलेला फोटो फेसबुकवर नको. माणूस दुखऱ्या हातानेही हसतो हे मला कळतं, माझ्या जागी आता जी बसलीय तिला ते कळून घ्यायचं नसतं.

आणि हो, त्या दुकानात जायचंच नाही असं काही नाही. कढीपत्ता तिथेच ताजा मिळतो, मलाही माहीत आहे. आईंना घेऊन जा, काउंटरवरच्या मुलीने हात कसा आहे विचारलं तर "डॉक्टर बघतायत" म्हणा आणि सामान घेऊन बाहेर या. फक्त त्यांना दुसऱ्या चपला घेऊन दे. त्या पहिल्या कपाटातून काढायच्या नाहीत.

– तुझी ताई